नरस

महाराजांच्या त्या वाक्याला हसणाऱ्या बायकांत मीही होते. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे मी पहिल्यापासून शहाणी होते असं कुणाला वाटायला नको. नव्हते.

सप्ताहाचा दुसरा दिवस होता. छावणीच्या मागच्या अंगाला आमची वस्ती. तिथल्या विठ्ठलाच्या देवळापुढं कापडी मंडप घातला होता. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, मधे सुंभाची दोरी. संध्याकाळी सहाला कीर्तन सुरू झालं. महाराजांचा आवाज मोठा आणि बोलणं गोड. कलियुगात बाई कशी बिघडली, हा त्यांचा आवडता विषय. केस कापणारी बाई, सायकलवर बसणारी बाई, सिनेमाला जाणारी बाई, असं करत करत ते दवाखान्यात शिरले.

"आता आपल्या पोरी तिकडं चालल्या. पांढरे कपडे घालायचे आन परक्या पुरुषाचं आंग पुसायचं. आपली अडाणी माणसं त्या पोरीला काय म्हणतात?"

मंडपातून दहा तोंडांनी उत्तर आलं, "नरस!"

"बरोबर. इंग्रज नर्स म्हणतो, आपला माणूस नरस म्हणतो. आन अडाणी माणूस कधी खोटं बोलत नाही. नरस म्हणजे काय? नरात जिला रस, ती नरस!"

मृदंगावर थाप पडली. सगळा मंडप हसला. मीही पदर तोंडाला लावून चांगली खदखदून हसले. महाराज बोलले की हसायचं, महाराजांनी रडवलं की डोळे पुसायचे, अशी सवयच होती. शब्द आत उतरायच्या आधी तोंड उघडायचं.

माझ्या शेजारी माझी लेक बसली होती. ती सरकारी दवाखान्यात नर्सिंग शिकत होती, तिसऱ्या वर्षाला. माझं हसू पुरतं थांबलं नव्हतं तेवढ्यात ती उठली आणि बायकांच्या पायांतून वाट काढत बाहेर गेली. जाताना कुणाला धक्का लागला. ती बाई ओरडली, "बघून चाल ना गं!" मग तिनं कोण चाललंय ते बघितलं आणि शेजारणीच्या कानाला लागली.

आमचं मूळ गाव दौलताबादजवळ. पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा मी पाच-सहा वर्षांची होते. उर्दू गेली, मराठी शाळा आली, म्हणून मी चौथीपर्यंत शिकले. लग्नानंतर शहरात आले. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. मालकांनी चार म्हशी बांधल्या आणि ते छावणीत दूध घालू लागले. गिऱ्हाइकांत लष्करी दवाखान्यातली एक सिस्टर होती. पोरगी दहावी झाली तेव्हा तिनंच मालकांना सांगितलं, हिला नर्सिंगला घाला. मालक लगेच हो म्हणाले. शहागंजात जाऊन त्यांनी पोरीला घड्याळ आणलं. नाडी मोजायला सेकंदाचा काटा लागतो, म्हणून दुकानदाराकडून चार घड्याळं काढून बघितली. मी वस्तीत सांगत फिरायचे, "माझी पोरगी नरस होतीय." मीसुद्धा नरसच म्हणायचे. नर्स हे जोडाक्षर आमच्या जिभेला जड. माझ्या तोंडचाच शब्द महाराजांनी उचलला होता.

पोरगी दुसऱ्या वर्षाला असताना मालकांनी माळ घातली. महाराजांच्या हातून घातली. माळ घातली म्हणून काही वाईट झालं नाही. दारू ते आधीपण पीत नव्हते, मटण तेवढं बंद झालं. पण घरातली प्रत्येक गोष्ट महाराजांना विचारायची खोड लागली. म्हैस विकायची का, गावाकडच्या विहिरीला मोटार बसवायची का, सगळं. आणि सप्ताह आला की ते विणेकरी. सप्ताह ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. सात दिवस, रात्रंदिवस, देवापुढं एक माणूस वीणा गळ्यात घालून उभा असतो आणि नाम घेत असतो. वीणा जमिनीला टेकवायची नाही. दोन तासांचा पहारा झाला की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. वीणा गळ्यात असेपर्यंत नामाशिवाय दुसरं बोलायचं नाही. वीणा खाली ठेवली तर सप्ताह मोडला.

पोरगी आठ दिवसांच्या रजेवर आली होती, कारण सप्ताहाला घरचे सगळे पाहिजेत असा मालकांचा हट्ट. सोमवारी सकाळी आठच्या आत होस्टेलवर हजर व्हायचं होतं. नाही झालं तर परीक्षेला बसू देणार नव्हते. तीन वर्षं पाण्यात.

त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा ती चुलीपुढं बसली होती. चूल विझलेली.

मी म्हणाले, "महाराजांचं बोलणं असतं तसं. इनोद करतात."

ती म्हणाली, "माय, तू हसलीस."

"सगळेच हसले."

"सगळ्यांची पोरगी नाही मी."

मी भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाण्याला गेली आणि रिकामी घागर घेऊन परत आली. नळावर टवाळांचं टोळकं होतं. एक जण म्हणाला, "माझी नाडी बघा की, नर... रस!" बाकीचे फिदीफिदी. मग मीच गेले पाण्याला. मला कुणी काही बोललं नाही. पण बायका होत्या. त्यांतली एक, आमच्या समोरच्या घरातली, तोंडाची फाटकी पण मनाची वाईट नव्हे. ती म्हणाली, "अक्का, तुमच्या पोरीचं खरं का? रात्रपाळीला पुरुषांच्या वार्डात एकटीच असती म्हणं?"

"एकटी काऊन? चाळीस पुरुष असतात," मी म्हणाले.

"अगं माय!"

"त्यातले वीस मरायला टेकलेले आन बाकीचे हगवणीचे. तुला जायचंय का रस घ्यायला?"

बायका हसल्या. पण ते हसणं निराळं होतं, आणि मला त्यात समाधान वाटलं नाही. नळावर जिंकून काय करता? मंडपात हजार माणूस होतं.

त्या हजारात एक म्हातारी मेट्रनबाई होती. दवाखान्यातून रिटायर झालेली, पलीकडच्या कॉलनीत राहायची. तिनं शहरातल्या पेपरला पत्र लिहिलं. पत्र चौथ्या दिवशी छापून आलं. आमच्या गल्लीत पेपर वाचणारी बाई मी एकटी, म्हणून समोरचीनं तिच्या मालकाचा पेपर माझ्याकडं आणला. "वाचा अक्का मोठ्यानं." पाच-सहा जणी ओट्यावर बसल्या. मी वाचलं. बाईनं लिहिलं होतं की महाराजांनी गादीवरून हा शब्द काढला, आता त्यांनी तो गादीवरूनच मागं घ्यावा. पेपरवाल्यांनी शब्द मधे रेघ मारून छापला होता, नर-रस. मी चौथी शिकलेली, अक्षर अक्षर लावून वाचणारी. त्या रेघेपाशी माझं बोट थांबलं. पहिल्यांदा तो शब्द माझ्या आत गेला तो तेव्हा. ऐकताना नाही गेला.

मग गावभर तेच. चहाच्या हॉटेलात पुरुषांचे दोन तट पडले. एक म्हणायचे, संतांची गादी आहे, तिथून आईबहिणीचं असं काढायचं नाही. दुसरे म्हणायचे, बायांना डोक्यावर घेतलं की धर्म बुडाला म्हणून समजा. तिसऱ्या बाजूचे थोडे होते. ते म्हणायचे, सप्ताह होऊ द्या, मग बघू. आमच्याकडं दूध घेणारा एक कारकून मालकांना म्हणाला, "तुमचीच पोरगी ना हो ती? मग तुमचं मत काय?" मालक म्हणाले, "अर्धा लिटर का एक?" आणि माप भरलं.

त्याच चौथ्या दिवशी दुपारी महाराज आमच्या घरी जेवायला होते. तारीख महिन्यापूर्वीच ठरलेली. मी पहाटे डोक्यावरून अंघोळ करून पुरण घातलं. मनात राग होता का? होता. पण पुरण चांगलं झालं. रागानं पुरण बिघडवणाऱ्यातली मी नाही.

महाराज आले. अंगणात पाट मांडला होता. रीतीप्रमाणं मी परातीत त्यांचे पाय घेतले, पाणी घातलं, बोटं बोटं धुतली, पुसली, कुंकू लावलं. टाचेला भेगा होत्या, तिथं दुधाची साय चोळली. मालक हात जोडून उभे. पोरगी आतल्या खोलीत होती. दर्शनाला ये म्हणून मालकांनी दोनदा हाक मारली, ती आली नाही.

जेवताना महाराजांनीच विषय काढला. मालकांकडं बघून म्हणाले, "पेपरातलं मनावर घेऊ नका. मी कुणा एकीला बोललो नाही. पण तुम्ही माळकरी. माळकऱ्याच्या लेकीनं मेलेल्याला, मांस खाणाऱ्याला, कुणालाही हात लावायचा, हे बसत नाही. शेंद्र्याला माझे एक शिष्य आहेत. बागायती आहे, मुलगा बारावी झालेला. मी शब्द टाकला की नाही म्हणायचे नाहीत. फक्त हे काम सोडलेलं पाहिजे."

मालक म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

मी आमटी वाढत होते. म्हणाले, "परीक्षा तीन महिन्यांवर आलीय."

महाराज हसून म्हणाले, "माऊली, संसाराची परीक्षा मोठी."

ते गेल्यावर मालक आतल्या खोलीच्या दारात उभे राहिले. पोरीला म्हणाले, "सोमवारी जायचं नाही."

"दादा, तुम्हीच घातलं मला."

"मीच काढतोय."

"आणि मी गेले तर?"

"तर माझ्या दारातून परत आत येऊ नको."

ते चिडून ओरडले असते तर मला एवढी भीती वाटली नसती. पण ते हळू बोलले. मालक हळू बोलले की ते बोलणं फिरवत नाहीत. तीस वर्षांत मी हे पाहिलं होतं.

पोरगी रडली नाही. ट्रंकेतून युनिफॉर्म काढला, त्याला इस्त्री केली आणि परत ट्रंकेत ठेवला. तिला माझ्याकडून काही नको होतं, आणि तेच मला डाचत होतं.

सहावा दिवस, शनिवार. सप्ताहाच्या कमिटीनं महाराजांशी बोलून ठरवलं की दुपारी तीनला मंडपातच शंकानिरसन करायचं, म्हणजे पेपरवाल्यांची तोंडं बंद होतील. मेट्रनबाई आली, तिच्याबरोबर शाळेतली एक मास्तरीण. मंडप भरून रस्त्यावर माणसं उभी. पोलीस चौकीतले दोन जण काठ्या टेकून कडेला. आणि देवापुढं वीणा गळ्यात घालून माझे मालक. दोन ते चार त्यांचा पहारा होता. सगळ्यांना दिसतील असे उभे, डोळे अर्धे मिटलेले, हळू आवाजात रामकृष्णहरी चाललेलं.

मेट्रनबाई उभी राहिली. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, जाड भिंगाचा चष्मा. म्हणाली, "महाराज, मी जन्मभर हेच काम केलं. माझ्या हाताखालून किती पोरी गेल्या, मी मोजलं नाही. त्यातल्या कितीतरी माळकऱ्यांच्या घरच्या. तुम्ही तो शब्द मागं घ्या, एवढंच म्हणायला आले."

महाराज शांतपणे म्हणाले, "बाई, शब्द मी केलेला नाही. मी फक्त फोडला. शेंग फोडल्यावर आत दाणा निघाला, त्याला माझा काय इलाज?"

पुरुष हसले. बाई म्हणाली, "किडका निघाला तर टाकून द्यायचा असतो, महाराज. लेकरांच्या हातात द्यायचा नसतो. रस्त्यात पोरींना या नावानं हाका मारतात आता."

पुरुषांतून कुणीतरी ओरडलं, "आधी टिकली लावून या, मग धर्म शिकवा!" दुसरा म्हणाला, "कुणी पाठवलं हिला, इचारा!" मास्तरीण उठून काही बोलायला लागली, तिला कुणी ऐकूच देईना. एकानं खाली बस, खाली बस असा ताल धरला. पोलीस एक पाऊल पुढं आले.

महाराजांनी हात वर केला. मंडप गप्प. हात वर केला की गप्प, ही त्यांची ताकद होती, खोटं कशाला बोला. ते म्हणाले, "बाहेरच्या माणसांचं मी ऐकणार नाही. ही माझी माणसं आहेत. यांतल्या ज्या आईला वाटतं की माझ्या बोलण्यानं तिच्या लेकीला बट्टा लागला, त्या माऊलीनं उभं राहून सांगावं. मी आत्ता गादीवरून उतरतो."

त्यांना माहीत होतं, कुणी उठणार नाही. आमच्या वस्तीतल्या तीन पोरी नर्सिंगला होत्या. जी आई उठेल तिची पोरगी जन्माची ओळखली जाणार, हीच ती, जिच्यावरून भांडण झालं. बाकी दोघींच्या आया माझ्या पुढच्या ओळीत बसल्या होत्या. दोघींनी माना खाली घातल्या. मी त्यांना दोष देत नाही. मीपण खालीच घातली होती.

मग मला वाटलं, आता नाही उठले तर सोमवार गेला. महाराजांना उत्तर द्यायचं, धर्माचं काय व्हायचं, यातलं काहीच माझ्या डोक्यात नव्हतं. फक्त सोमवार होता. आणि एक गोष्ट मला दिसत होती. मालकांच्या गळ्यात वीणा होती. चार वाजेपर्यंत त्यांना मला गप्प बस म्हणता येणार नव्हतं.

मी उठले. गुडघा कडकन वाजला, शेजारणीनं वर बघितलं.

"माझी लेक हाय नरस," मी म्हणाले. "तुम्ही शब्द फोडला तवा मी बी हसले. आता इचारते. परवा तुम्ही माझ्या घरी जेवलात. मी तुमचे पाय धुतले. भेगांत साय चोळली. तुम्ही माझे कुणी नाय, परकं पुरुषमाणूस. मला कशात रस होता ते सांगा."

एवढंच बोलले. पाठ केलेलं नव्हतं. पुढं काय बोलायचं ते माहीतही नव्हतं.

मग मागून एक बाई फिस्सकन हसली. कोण ते मला आजपर्यंत कळलं नाही. तिच्यामागं आणखी दोघी-तिघी.

महाराज लालबुंद झाले, पण आवाज गोडच ठेवला. "माऊली, तुम्ही भक्तीनं धुतले."

"मग तिनं काय बिनभक्तीचं धुतलं व्हय? तिथं मरायला टेकलेलं माणूस असतंय, महाराज. तुम्ही तर चालत आला व्हता."

पुरुषांच्या बाजूनं गलका उठला. "बसवा तिला!" "बाई हाय का कोण!" "घरी पुरुष नाय का हिला?"

महाराजांनी तेवढं शेवटचं धरलं. म्हणाले, "खरं आहे. घरधनी असताना बाईनं का बोलावं? तिचे मालक इथंच आहेत. तेच सांगोत. मुलगी जाणार की नाही?"

हजार माना देवाकडं वळल्या. मालक उभे. रामकृष्णहरी चाललेलं. डोळे आता उघडे होते, पण बघत होते पायाजवळच्या सतरंजीकडं.

कमिटीचा अध्यक्ष घड्याळ बघून म्हणाला, "चार वाजलेच. पहारा बदला." पुढचा विणेकरी म्हणजे आमच्या वस्तीतला सुतार. तो लगबगीनं पुढं गेला आणि रीतीप्रमाणं मालकांच्या पायाशी वाकला. आता मालकांनी वाकायचं आणि वीणा त्याच्या गळ्यात घालायची. की ते मोकळे, बोलायला.

मालक वाकले नाहीत.

सुतार हात जोडून उभा राहिला. पुन्हा वाकला. हळूच म्हणाला, "द्या की माऊली." मालकांनी वीणेचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता, बोटांची पेरं पांढरी झाली होती. नाम थांबलं नाही, उलट मोठं झालं. ओढून घ्यावी तर सप्ताहात वीणेवर हात टाकला असं होणार. सुताराला काय करावं कळेना. शेवटी तो तिथंच बाजूला मांडी घालून बसला.

अध्यक्षानं टाळकऱ्यांना खूण केली. विठ्ठल विठ्ठलचा गजर सुरू झाला, टाळ, मृदंग, पन्नास माणसं एकदम. मेट्रनबाईचं तोंड हलताना दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. महाराज गादीवरून उतरले नाहीत. शंकानिरसन संपलं. मालक सहा वाजेपर्यंत वीणा घेऊन उभे होते, सलग चार तास.

लोक नंतर मला म्हणायचे, तुमच्या मालकांनी साथ दिली तुम्हाला. मला तसं कधी वाटलं नाही. त्यांना महाराजांचं मोडवलं नाही, आणि पोरगी जाणार नाही असं हजार माणसांत म्हणवलंही नाही. त्यांना फक्त बोलायचं नव्हतं. पण मला तेवढं पुरत होतं.

त्या संध्याकाळी ते घरी आले, पाय सुजलेले. जेवले. उपाशी राहणारा माणूस नव्हे. जेवून म्हणाले, "मंडपात नागवं केलंस मला."

"मी तुमचं नाव बी घेतलं नाय."

"महाराजांनी घेतलं."

"मग महाराजांना सांगा."

ते भिंतीकडं तोंड करून पडले.

रविवारी काला, म्हणजे सप्ताहाची समाप्ती. पंगतीच्या पोळ्या घरोघरच्या असतात, मंडपात फक्त भाजी शिजते. मी नेहमीएवढ्या पोळ्या करून फडक्यात बांधून दिल्या. पोळ्या गोळा करणारे दोघं दारात घुटमळले. एक दुसऱ्याला म्हणाला, "घ्यायच्या का रे?" मी म्हणाले, "नको असतील तर ठेवा. माझ्या म्हशी खातील." त्यांनी घेतल्या. काल्याच्या कीर्तनात महाराजांनी तो शब्द काढला नाही. जीभ लांब असलेल्या एका बाईची गोष्ट मात्र सांगितली, आणि लोक हसले. मी बायकांच्या बाजूला बसले होते. या खेपेला सगळ्या बायका हसल्या नाहीत, काही हसल्या.

दुपारी शेंद्र्याचा निरोप आला. मंडपात उभी राहून बोलणारी विहीण त्यांना नको होती. मालकांना तो निरोप लागला. मला लागला नाही.

पुढचंही इथंच सांगते, म्हणजे मधेच राहायला नको. पेपरात दोन आठवडे पत्रं येत राहिली. महाराजांच्या बाजूनं जास्त, बाईच्या बाजूनं कमी. कुणी लिहिलं की वाद पश्चिमेकडून आलाय. वाद तर आमच्याच मंडपातून निघाला होता. महाराज पुढची कितीतरी वर्षं सप्ताहाला येत राहिले, त्यांनी शब्द कधी मागं घेतला नाही. आमच्या घरी मात्र जेवायला आले नाहीत. मालकांनी माळ काढली नाही आणि मीही काढ म्हणाले नाही. वस्तीतल्या बायांनी नरस म्हणायचं सोडून दिलं, त्या शिष्टर म्हणायला लागल्या. महाराज हरले असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. माझ्या नातीच्या फोनवर दुसरे महाराज दिसतात, नव्या शब्दांची फोड करतात आणि माणसं तशीच हसतात.

सोमवारी मी पाचला उठले. पोरीला उठवलं नाही, ती जागीच होती, वेणी घातलेली. मालक गोठ्यात धार काढत होते. मी ट्रंक अंगणात आणून ठेवली. पत्र्याचा आवाज झाला. त्यांनी मान न वळवता विचारलं, "कुठं?"

"होस्टेलला."

"मी हो म्हटलं नाही."

"नाय बी म्हटलं नाय. हजार माणसांत इचारलं तवा म्हटलं नाय. आता गोठ्यात म्हणून काय उपेग?"

चरवीत धार पडत राहिली. मी म्हणाले, "शेंद्र्याचं बी गेलं. घरात ठेवून काय करायचं तिचं? शेण काढायला मी हाय."

त्यांनी भरलेली चरवी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "दारातून परत आत येऊ नको म्हटलं होतं मी तिला."

"येईल तवा बघू. आता बाहेरच चाललीय ती."

ते उठले नाहीत. पोरीनं गोठ्याच्या दारात जाऊन लांबूनच हात जोडले. त्यांनी बघितलं का, मला दिसलं नाही, मधे म्हैस होती.

त्या वेळी रिक्षा मिळेना. ट्रंकेचा एक कान तिनं धरला, एक मी. छावणीतून खाली, खाम नदीच्या पुलावरून, पाणचक्कीच्या वाटेनं. दर शंभर पावलांवर हात बदलायचो. वाटेत ती एकदाच बोलली. "माय, तुला भीती वाटली नाही?" मी म्हणाले, "गुडघा दुखत होता." ती चालत राहिली. थोड्या वेळानं तिनं ट्रंकेच्या जड बाजूचा कान आपल्याकडं घेतला.

होस्टेलच्या फाटकातल्या बाईनं रजेचा कागद बघितला, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. आठला दहा मिनिटं कमी होती. "जा लवकर, वार्डात बोलावलंय," म्हणाली. पोरगी ट्रंक ओढत आत गेली. वळून बघायला थांबली नाही, थांबायला वेळही नव्हता. मीही थांबले नाही. म्हशींना पाणी दाखवायचं राहिलं होतं, आणि तोवर ऊन चढलं होतं.